श्वास कुठे घ्यायचा

माझ्याकडे आईच्या आवाजाच्या सात कॅसेटी आहेत. 1980 नंतरच्या पाच-सहा वर्षांत भरलेल्या. दशलक्षणात बस्तीत म्हणायची पदं आई आधी घरी आम्हा मुलींकडून घोटून घ्यायची, तेव्हा अण्णा कोपऱ्यात टेपरेकॉर्डर लावून ठेवायचे. त्यामुळं त्या कॅसेटींत पदांइतक्याच इतर गोष्टी आहेत. कुकरची शिट्टी आहे, गल्लीतून ओरडत जाणारा भंगारवाला आहे आणि मधेच, "थांबा गं, दूध बघून येते" असं म्हणून उठलेल्या आईच्या बांगड्या आहेत.

माझा भाचा बंगळूरला संगणकाच्या कंपनीत आहे. दिवसा ते काम आणि रात्री पियानो. लहानपणी बेळगावच्या कॅम्पात एका गोवेकर बाईंकडं तो शिकायला जायचा. आमच्या घरात पेटीच्या पलीकडं कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळं पोरगं दोन्ही हातांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी वाजवतं याचंच आम्हाला केवढं कौतुक. आता तो स्वतःच्या लहान लहान रचना करतो. मागच्या भाद्रपदात तो कॅसेटी घेऊन गेला, त्या संगणकावर उतरवल्या आणि दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "मावशी, एवढं रेकॉर्डिंग पुरे आहे. आज्जीनं कधीच म्हटलं नाही असं पदसुद्धा आता तिच्या आवाजात म्हणवून घेता येतं. तू लिहिलेलं एक दे की."

मी पदं लिहायला लागले ती आई गेल्यावर. माझं एकही पद तिनं म्हटलेलं नाही, ऐकलेलंही नाही. हे त्याला माहीत होतं, म्हणूनच तो विचारत होता. मी काही बोलेना, तसा म्हणाला, "लगेच ठरवू नकोस. आधी एका माणसाची गोष्ट वाच." आणि त्यानं डेव्हिड कोप हे नाव सांगितलं. हा माणूस 2025 च्या मे महिन्यात, त्र्याऐंशीव्या वर्षी वारला. गेले काही महिने मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडते आहे.

कोपचा जन्म 1941 चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. लहानपणापासून पियानो, नंतर चेलो. विद्यापीठात रचनाशास्त्र शिकला आणि पुढं तेच शिकवायला लागला. 1977 पासून कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठात होता. बायकोही पियानोवाली. आधुनिक पाश्चात्त्य संगीतावरचं त्याचं पुस्तक कॉलेजांतून लागलेलं होतं. म्हणजे संगीत कळत नाही म्हणून यंत्राकडं वळलेला असा हा माणूस नव्हे. उलट संगीत फार कळत होतं आणि तेवढ्यात ते सुचायचं थांबलं.

1980 च्या सुमाराला त्याला एक ऑपेरा लिहायचं काम मिळालं होतं. पाश्चात्त्य संगीतकाराच्या आयुष्यात हे मोठं काम. घरात मुलं, पैशाची गरज आणि समोर कोरा कागद. दिवसामागून दिवस गेले, एक सूर सुचेना. आपल्याकडे अशा वेळी माणूस देवाला नवस बोलतो किंवा गाव बदलतो. कोपनं संगणक घेतला. त्याला वाटलं, आपल्या मनाची ठेवण या यंत्राला शिकवली, तर आपण अडलो की ते पुढचा सूर सुचवील. मदतनीस हवा होता त्याला, प्रतिस्पर्धी नव्हे.

पण स्वतःची ठेवण स्वतःला दिसत नाही. आपण बोलताना कुठला शब्द वारंवार वापरतो ते घरचे सांगतात, आपल्याला ऐकू येत नाही. तेव्हा कोपनं आधी दुसऱ्यांचं संगीत घेतलं, आणि दुसरा म्हणजे थेट बाख. बाखची चार आवाजांची चर्चमधली गीतं, कोराल म्हणतात त्यांना, ती तीनशेसत्तर-एकाहत्तर उपलब्ध आहेत. चार आवाज एकमेकांसोबत कसे चालावेत याचे नियम संगीताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ करावे लागतात. कोपनं ते सगळे नियम यंत्रात भरले. जे बाहेर पडलं ते शुद्ध होतं, निर्दोष होतं आणि मेलेलं होतं. का, ते शोधताना त्याच्या ध्यानात आलं की हे नियम बाखच्या मागाहून लोकांनी त्याच्या संगीतावरूनच काढलेले आहेत आणि खुद्द बाख ते हवे तिथं मोडतो.

मग त्यानं नियम सांगायचंच सोडलं. कोरालांचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यासोबत एवढंच लिहून ठेवलं की इथून हा आवाज पुढं कुठं गेला, तो दुसरा कुठं गेला. मग एका कोरालातला तुकडा, तशीच वाट असलेला दुसऱ्यातला तुकडा, त्यापुढं तिसऱ्यातला. गोधडीसारखं. सुरुवातीला त्या गोधडीला नुसतीच लांबी होती, मध्य ना शेवट. वाक्याला जसं व्याकरण असतं, एक भाग प्रश्न टाकतो, दुसरा लांबवतो, तिसरा उत्तर देतो, तसं व्याकरण त्यानं संगीतासाठी बसवलं. शिवाय त्या त्या रचनाकाराच्या ठरावीक लकबी, ज्या त्याच्या अनेक रचनांत पुन्हा पुन्हा येतात, त्या यंत्रानं ओळखून न मोडता जशाच्या तशा वापरायच्या. याला काही वर्षं गेली. या कामाचं लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण त्याच्या आद्याक्षरांवरून लोक त्याला एमी म्हणायला लागले. बाईचं नाव मिळालं, आणि माझ्या मते अर्धा घोटाळा तिथंच झाला.

एक दिवस कोपनं यंत्र चालू केलं आणि तो काहीतरी खाऊन यायला बाहेर पडला. परत आला तर पाच हजार कोराल तयार होते.

या आकड्यापाशी मी फार दिवस अडकले. बाखची चारशेच्या आत आहेत, आणि ती करताना तो चर्चची नोकरी करत होता, वरिष्ठांशी भांडत होता, मुलं जन्माला घालत होता आणि त्यांतली कितीतरी पुरत होता. इकडं पाच हजार, एका जेवणाच्या वेळात.

ऑपेराही पुढं पुरा झाला. कामाला एकंदर सात वर्षं लागली, पण एकदा यंत्र तयार झाल्यावर खुद्द ऑपेराला दोनच आठवडे. आता यंत्राला कोपचंच जुनं संगीत खायला घातलेलं होतं. ते जे काढी त्यात त्याला स्वतःच्या खोडी दिसायला लागल्या. आपण कुठं तेच तेच करतो, कुठं चुकवतो. मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वांत चांगला भाग वाटतो. यंत्रानं इथं आरशाचं काम केलं आणि आरशात बघून माणूस पुन्हा लिहायला लागला. इथंच थांबला असता तर माझं त्याच्याशी भांडण झालं नसतं. पण थांबला असता तर मी त्याचं नावही ऐकलं नसतं.

तो पुढं गेला. मोझार्टसारखं, शोपँसारखं, बीथोव्हेनसारखं. आणि मग लोकांची परीक्षा सुरू झाली, यंत्राची नव्हे.

सांताक्रूझच्या एका मैफलीत एमीच्या रचना वाजवल्या गेल्या, पण त्या संगणकाच्या आहेत हे पत्रिकेत छापायचं राहून गेलं. मैफलीनंतर विद्यापीठातलाच एक रसायनशास्त्राचा प्राध्यापक कोपला भेटला आणि म्हणाला की आयुष्यात इतकं हलवून सोडणारं थोडंच ऐकलं. सहा महिन्यांनी कोपचं व्याख्यान होतं, त्यात त्याच मैफलीची टेप लागली, आणि आता सगळ्यांना माहीत होतं की हे कुणी केलंय. तोच प्राध्यापक पुन्हा पुढं आला. आता त्याचं म्हणणं असं की ऐकताक्षणीच कळतं हे यंत्राचं, यात जीव नाही. आधीची भेट तो विसरला होता. ही हकीकत कोप पुढं सांगत असे, आणि ऐकणारे हसत असत.

मला हसू आलं नाही. मी त्या प्राध्यापकाच्या जागी स्वतःला बघितलं. पहिल्या दिवशी त्याला जे झालं ते खोटं नव्हतं ना? त्याच्या अंगावर काटा आला असेल तर तो त्याचाच काटा. मग दुसऱ्या दिवशी तो खोटं बोलला का? तसंही वाटत नाही. आपण एखाद्याच्या घरी जेवतो, आमटी फार आवडते, आणि नंतर कळतं की ती विकत आणलेली होती. चव बदलत नाही. तरी काहीतरी बदलतंच, आणि जे बदलतं ते आमटीत नसतं म्हणून ते खोटं असं मला म्हणता येत नाही.

कोपचं मत सरळ होतं. सुरांत आत्मा नसतो. कागदावर काळे ठिपके असतात, हवेत कंप असतात, भाव असतो तो ऐकणाऱ्यात. आणि माणूस तरी दुसरं काय करतो, जे ऐकलं त्याचे तुकडे तुकडे करून नव्यानं जोडतो, फक्त कुठून उचललं ते विसरतो. तो हे उर्मटपणानं म्हणत नसे. स्वतःबद्दलही तेच म्हणत असे.

यातलं दुसरं विधान मी बिनतक्रार मान्य करते. आईच्या एका लाडक्या पदाची चाल सरळसरळ सिनेमातल्या गाण्याची होती. बस्तीत कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ती लय जरा संथ करायची, एवढंच. बाखच्या कोरालांचीही मूळ चाल बहुतेक वेळा त्याची नव्हेच, चर्चमध्ये आधीपासून चालत आलेली. त्यानं खालचे आवाज बांधले. उचलणं हा गुन्हा धरला तर संगीत नावाची गोष्टच उरणार नाही.

नकलेबद्दलही आमच्या भागातल्या माणसानं जपून बोलावं. बेळगावजवळच्या सुळेभावी गावात 1924 साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळी नावाचा मुलगा सहा-सात वर्षांचा असताना मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकायचा आणि जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. तान तशी, हरकत तशी. लोक थक्क व्हायचे. त्याला कुमार गंधर्व म्हणायला लागले ते त्या वयात. आज कुणी निर्दयपणे म्हणेल की ते पोर म्हणजे एक एमीच होती. आत गेलं ते बाहेर आलं, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले. त्या वयात त्या मुलाला त्या तानांमागचं दुःख कळत होतं असं कुणी म्हणणार नाही.

पण पुढं काय झालं तेही आपल्याला माहीत आहे. मुंबईला देवधर मास्तरांकडं शिक्षण, नाव, मैफली, आणि ऐन उमेदीत क्षय. देवासला अंथरुणावर काही वर्षं, गाणं बंद. बरे झाले तेव्हा एक फुप्फुस कामातून गेलेलं होतं. लांब दमाचं गाणं आता शक्य नव्हतं. मग त्यांनी जे गाणं काढलं त्यात छोटे छोटे तुकडे आहेत, अचानक फेकलेले स्वर आहेत, मधे जागा सोडलेल्या आहेत. जाणकार म्हणतात, ती दृष्टी आधीपासूनच त्यांच्यात होती, नुसता आजारच त्याला कारण धरू नका. असेलही. मी जाणकार नाही. पण मला एवढं दिसतं की मुद्रिका ऐकून गाणारा मुलगा आणि देवासचा गवई यांच्यामध्ये एक छाती आहे, जिला मर्यादा पडली होती. एमी कधी आजारी पडली नाही.

ओरेगॉनच्या विद्यापीठात 1997 मध्ये एक खेळ झाला. तीन रचना वाजवल्या गेल्या. एक खऱ्या बाखची, एक एमीनं बाखच्या वळणावर केलेली आणि एक तिथल्याच स्टीव्ह लार्सन नावाच्या प्राध्यापकानं त्याच वळणावर लिहिलेली. वाजवणारी लार्सनची बायकोच होती. श्रोत्यांनी ओळखायचं, कुठली कुणाची. त्यांनी एमीची ती बाखची ठरवली, आणि लार्सनची ती यंत्राची. लार्सनला ते लागलं. लागणारच. डग्लस हॉफस्टॅटर हा मोठा विचारवंत त्या खेळात होता. त्यानं 1979 च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात म्हटलं होतं की असं सुंदर संगीत करायचं तर यंत्राला आधी जगात हिंडावं लागेल, सुखदुःख भोगावं लागेल. पुढं त्यानं एमीचा शोपँसारखा एक मझुर्का स्वतः पियानोवर वाजवून बघितला आणि त्याची झोप उडाली. तो गावोगाव व्याख्यानं देत ही भीती सांगत फिरला. यंत्र इतकं मोठं झालं याची ती भीती नव्हतीच. शोपँ आपण समजत होतो त्याहून सोपा होता की काय, ही होती.

एवढं सगळं झालं तरी कोपच्या पदरात काय पडलं? वादक एमीच्या रचना वाजवायला तयार नव्हते. पहिली तबकडी निघाली ती संगणकानं चालणाऱ्या पियानोवर वाजवून, कारण माणूस मिळेना. आणि त्यांचं म्हणणं नीट ऐकलं तर ते फक्त मत्सराचं नव्हतं. एका रचनेवर वादक महिनोन्‌महिने बसतो. बटण दाबलं की अशाच आणखी हजार येणार असतील, तर हीच का? हिच्यासाठी बोटं का झिजवायची?

तेव्हा 2004 च्या सुमाराला कोपनं एमीची कोठारं पुसून टाकली. वीसेक वर्षं जमवलेला सगळा माल, कितीतरी रचनाकारांचं बारीक करून भरलेलं संगीत. आधीच निघालेल्या रचना राहिल्या, पण आता त्यांत भर पडणार नव्हती. त्यानं कारण सांगितलं ते असं, की माणूस मरतो म्हणून त्याच्या कामाला हद्द असते आणि हद्द असते म्हणून लोक ते जपतात. एमीच्या कामालाही तशी हद्द पडायला हवी.

भाच्यानं ही गोष्ट मला सांगितली ती मोठ्या हौसेनं. त्याला वाटलं मावशीला आवडेल, आपल्यात हेच तर सांगितलंय. खरं आहे. आमची आज्जी, म्हणजे आईची सासू, चातुर्मासात सकाळी उठल्यावर मनाशी ठरवायची की आज एवढेच पदार्थ, एवढीच वस्त्रं, गावाच्या एवढ्याच टोकापर्यंत जाणं. घरात कशाची ददात नव्हती, आणि नव्हती म्हणूनच ते परिमाण. जिच्या घरात तांदूळच नाहीत तिनं भात सोडला याला कुणी व्रत म्हणत नाही. या न्यायानं बाखच्या चारशे कोरालांना व्रत म्हणता येणार नाही, त्याला मरण आलं म्हणून ती तेवढीच राहिली. कोपकडं अमाप होतं आणि त्यानं त्याला परिमाण घातलं.

पण मला ते तसं पटत नाही, आणि इथंच माझं भांडण आहे. आज्जी परिमाण घालायची ते स्वतःला. त्यातून कुणी तिला मोठं म्हणावं अशी अपेक्षा नव्हती, उलट आज काय सोडलंय ते ती सांगायचीही नाही. जेवायला बसल्यावर वाढणाऱ्या सुनेचा हात अडवला की कळायचं. कोपनं सोडलं ते लोकांनी एमीला मानावं म्हणून. माल मोजका केला की भाव येतो, हे बाजारालाही ठाऊक आहे. हवं असणं तसंच राहिलं, वस्तू गेली. आणि पुढं त्यानं एमिली हॉवेल नावाचं नवं यंत्र घडवलं, तेही एमीच्याच रचना खाऊ घालून. ती काही सुचवायची, हा हो किंवा नाही म्हणायचा, अशी त्यांची वाटचाल. तिच्या रचनांचीही तबकडी निघाली.

तरीसुद्धा ज्या दिवशी त्यानं पुसलं त्या दिवसाचा मी विचार करते. साठी ओलांडलेला माणूस, आयुष्याची मधली सगळी वर्षं त्या एका कामात घातलेली. मी माझी जुनी रेशन कार्डं टाकू शकत नाही. त्याला ते हलक्या हातानं जमलं असेल असं मला वाटत नाही, मग हेतू काही का असेना. भांडण करता करता इथं मी जरा गप्प होते.

आता कॅसेटींकडं येते.

भाच्याला मी पहिल्यांदा विचारलं ते हे, की आईला विचारायचं कसं? आमच्याकडे चोरीची व्याख्या फार कडक आहे. दुसऱ्याचं पळवणं एवढीच ती नाही, न दिलेलं घेणं म्हणजे चोरी. आईनं पदं दिली. चाली दिल्या, त्याही दुसरीकडून उचललेल्या. पण तिनं न म्हटलेलं तिच्या तोंडी घालायची परवानगी दिली होती का? भाचा हुशार आहे. तो म्हणाला, "मावशी, आज्जीची पदं तू बस्तीत अगदी तिच्यासारखी म्हणतेस. तेव्हा विचारलं होतंस?" मला उत्तर आलं नाही. अजून पूर्ण आलेलं नाही. एवढंच सुचलं की मी म्हणते तेव्हा लोकांना माहीत असतं, ही तिची मुलगी आहे, ती नव्हे. कोपच्या त्या पत्रिकेत जे छापायचं राहून गेलं तेच माझ्या चेहऱ्यावर छापलेलं असतं.

मग जानेवारीत त्यानं मला न सांगताच एक करून पाठवलं. माझंच पद, मासिकात छापून आलेलं, तिथून घेतलं असणार. मी ते फोनवर लावलं. दुपारची वेळ, घरात कुणी नव्हतं.

आईच होती. तिचा तो किंचित अनुनासिक 'न', शेवटच्या अक्षरावर जरा जास्त थांबणं. माझे शब्द तिच्या आवाजात. मी रडले. त्या प्राध्यापकासारखी सहा महिन्यांनी येऊन मी असं म्हणणार नाही की ऐकताक्षणी मला कळलं होतं. मला काही कळलं नव्हतं. मी तीनदा ऐकलं.

चौथ्यांदा ऐकताना मी तिच्याबरोबर म्हणायला लागले, आणि तिसऱ्या ओळीशी अडखळले. आईला दमा होता. लांब ओळ तिला एका दमात जायची नाही, ती मधेच, शब्द तुटला तरी चालेल पण तिथं श्वास घ्यायची. आम्ही मुली तिच्याकडूनच शिकलो, आमच्या छात्या धड होत्या तरी आम्हीही तिथंच श्वास घ्यायचो. आमच्याकडून पुढच्या बायका शिकल्या. आजही बस्तीत ते एक जुनं पद निघालं की पंधरा-वीस बायका एका शब्दाच्या मधोमध थांबतात. नवीन आलेल्या सुनेला हे विचित्र वाटतं, दोन वर्षांत तीही थांबायला लागते. कुणाला दमा नाही. का थांबतो ते फक्त मला आणि माझ्या बहिणीला माहीत आहे.

भाच्यानं केलेल्या पदात श्वास होते. यंत्रानं तेही शिकून घेतलं होतं, चांगले ऐकू येतील असे श्वास. पण ते ओळ संपल्यावर होते, जिथं असायला हवेत तिथं. ती लांब ओळ आई एका दमात म्हणत होती.

मी त्याला फोन करून हे सांगितलं. त्याला वाटलं मी चूक दाखवतेय. "अगं, ते होईल की. कॅसेटीतले तिचे श्वास मोजून सांगतो यंत्राला, मधे तोडायला." मी म्हटलं, तसं नको. मग काय हवंय, त्यानं विचारलं, आणि त्याचा आवाज जरा दुखावलेला होता. त्यानं रात्री जागून केलं होतं ते, त्याच्या आज्जीसाठी आणि माझ्यासाठी. कोपच्या घरच्यांनाही त्याला काय काय सांगावंसं वाटत असेल.

मी विचारलं, कॅसेटी उतरवल्यास त्यातली कुकरची शिट्टी कुठं गेली? म्हणाला, "साफ केली, सगळा गोंगाट काढला." मूळ आहे का? आहे म्हणाला. ते तसंच पाठव, म्हटलं, सगळं, भंगारवाल्यासकट.

ते आलंय. रोज संध्याकाळी एखादी बाजू ऐकते. माझ्या पदाचं ते दुसरं रेकॉर्डिंगही फोनमध्ये आहे. भाचा म्हणाला, "नको असेल तर पुसून टाक, मी माझ्याकडचंही पुसतो," आणि कुठं दाबायचं ते मला दाखवून गेला. कोपला ते एका दिवसात जमलं की त्याआधी तोही असाच फोन हातात घेऊन बसत होता, हे त्याला विचारायला हवं होतं. मी अजून दाबलेलं नाही. ऐकलेलंही नाही पुन्हा.